कर्जदाराची माहिती व त्याची संमति

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळजण गांवच्या सोसायटीचे सभासद आहेत, कित्येक तिच्या कमिटीवर बसतात, आणि घरोघरच्या स्त्रिया बचत गटांत आहेत. म्हणजे कर्ज घेणारा व कर्ज मंजूर करणारा हे दोघेही पुष्कळदां एकाच घरांत सांपडतात. म्हणून प्रस्तुत पाठ दोघांनींही सारख्याच लक्षानें वाचावा. लहान कर्ज घेणाऱ्या माणसानें आपल्याविषयीं जी माहिती सांगितली, ती दुसऱ्यास देण्यापूर्वीं त्याची संमति कशी घ्यावी, व कोणती संमति खरी समजावी, हा या पाठाचा विषय आहे.

समजा, एका बाईनें शेळ्या घेण्यासाठीं तीस हजार रुपये कर्ज मागितलें. अर्जावर तिचें नांव, वय, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, घराचा ठिकाणा, नवऱ्याची मिळकत, मुलाची मजुरी, पूर्वीचें देणें, इतकें सर्व लिहून घेतात आणि वर छायाचित्र लावतात. दोन वर्षांत कर्ज फिटतें. पण दिलेली माहिती फिटत नाहीं. ती ज्याच्या हातीं गेली त्याच्यापाशीं राहते. पैसा परत करतां येतो, कळलेली गोष्ट परत घेतां येत नाहीं. शिवाय सही एकटीची असली, तरी माहिती साऱ्या घराची गेलेली असते.

१. जुना धडा

सही आणि समज यांचा संबंध आपल्या मुलखानें फार महाग किंमत देऊन शिकला आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल करून खतें व रोखे जाळले, आणि तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. जमावाचा राग विशेषेंकरून कागदांवर होता. कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे हें सही अगर निशाणी करणारांपैकीं बहुतेकांस वाचतां येत नव्हतें. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस ऋणांतून सोडविण्यासाठीं जो कायदा झाला, त्यांत शेतकऱ्याचा दस्त ग्राम-रजिस्ट्रारासमोर व्हावा, तो त्यास वाचून दाखवावा, आणि पावती, सालोसालचा हिशेब व पासबुक मागण्याचा त्यास हक्क असावा, अशा तरतुदी केल्या गेल्या.

त्या काळीं खत सावकाराच्या पेटींत असे. आजची नोंद एकाच वेळीं अनेक ठिकाणीं असते व ती जाळूं म्हटल्यानें जळत नाहीं. म्हणून आज सहीपूर्वींच्या समजुतीचें महत्त्व पूर्वींपेक्षां अधिक आहे.

२. माहिती कोणत्या वाटांनीं जाते

पहिली वाट कायद्याची. पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांचा कायदा २००५ सालचा आहे. बँका व कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था यांस आपल्या कर्जदारांच्या घेण्याफेडीची माहिती अशा कंपन्यांकडे पाठवावी लागते. सिबिल, एक्विफॅक्स, एक्स्पेरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. लोकांच्या बोलण्यांत मात्र सर्वांस मिळून 'सिबिल' असेंच नांव पडलें आहे. या वाटेची गरज काय, तें २०१० सालीं आंध्र प्रदेशांत दिसून आलें. तेथें एकेका कुटुंबास अनेक संस्थांनीं कर्जें दिलीं, घरावर शक्तीबाहेर हप्त्यांचा बोजा चढला, वसुलीच्या जाचाविषयीं ओरड झाली, आणि अखेर ऑक्टोबरांत राज्य सरकारास वटहुकूम काढावा लागला. मार्च २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें ठरविलें कीं, वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबास दिलेलें विनातारण कर्ज हें सूक्ष्म कर्ज समजावें, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊं नयेत. पहिलीं कर्जें कळल्यावांचून हें माप लावतांच येणार नाहीं.

ही वाट संमतीची नव्हे, सूचनेची आहे. येथें कर्जदारास नकार देतां येत नाहीं. पण माहिती कोठें जाते हें त्यास सांगितलेंच पाहिजे. त्याचेही हक्क आहेत. प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. फेडलेलें कर्ज थकलेलें दिसणें, नामसाधर्म्यामुळें दुसऱ्याचें देणें आपल्या नांवावर पडणें, असा दोष आढळल्यास दुरुस्ती मागतां येते. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत न लागल्यास पुढें दररोज शंभर रुपयांप्रमाणें भरपाईचा नियम आहे.

दुसरी वाट धंद्याची. विमा विकणारा, यंत्रें विकणारा, वसुलीचा ठेकेदार, अशांच्या हातीं कर्जदारांची यादी जाते. मोबाइलवरून कर्ज देणारांत हा प्रकार इतका वाढला कीं, हप्ता चुकल्यावर कर्जदाराच्या ओळखीच्या माणसांस फोन करून त्याची अब्रू घेण्यापर्यंत कित्येकांची मजल गेली. सप्टेंबर २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें अशा कर्जांसाठीं नियम केले: कर्जदाराच्या मोबाइलमधील ओळखीच्या लोकांची यादी, फोनांची नोंद व छायाचित्रें यांस हात लावूं नये, लागेल तेवढीच माहिती आधीं स्पष्ट संमति घेऊन घ्यावी, आणि दिलेली संमति परत घेण्याची सोय ठेवावी.

तिसरी वाट प्रसिद्धीची. ही सर्वांत गोड दिसते, म्हणून येथें सर्वांत कमी विचारलें जातें. अमेरिकेंत २००५ सालीं निघालेली 'किवा' संस्था अनेक देशांतील गरजूंचें छायाचित्र, नांव, धंदा व कर्जाचें कारण इंटरनेटवर प्रसिद्ध करते, आणि तें वाचून दूरचीं माणसें पंचवीस डॉलरांपासून रक्कम उसनी देतात. हेतु चांगला आहे. पण पुष्कळदां स्थानिक संस्थेनें कर्ज आधींच दिलेलें असतें, व ती रक्कम भरून काढण्यासाठीं तिला ही हकीकत हवी असते. म्हणजे छायाचित्राची गरज बाईस नसून संस्थेस असते. तेव्हां येथें मागणारी संस्था आहे, आणि तिनें मागणाऱ्याच्या नम्रतेनेंच विचारलें पाहिजे. आपल्याकडील वार्षिक अहवाल, दिनदर्शिका आणि मेळाव्याचे फलक यांसही हेंच लागू आहे. 'नवरा दारू पितो, घरांत दाणा नव्हता' ही हकीकत वाचून परक्याचें मन द्रवेल. पण तीच हकीकत गांवांत वाचली गेली, तर त्या घरच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत तिचा परिणाम पोंचतो.

३. खऱ्या संमतीचीं लक्षणें

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ सालीं संगणकावर ठेवलेल्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, व संमतीविषयींच्या कलमांचा अंमल त्यापुढें अठरा महिन्यांनीं सुरू करण्याचें ठरलें. त्या कायद्यांत संमतीचीं पांच लक्षणें दिलीं आहेत.

(अ) ती स्वेच्छेची असावी. गटांतल्या दहाजणींनीं सह्या केल्या, साहेब समोर उभे आहेत, म्हणून अकरावीनें केली, तर ती भीड होय, संमति नव्हे.

(आ) ती ठराविक कामापुरती असावी. शेजाऱ्यास बैल नांगरटीला दिला म्हणजे विकावयास दिला, असें होत नाहीं.

(इ) ती समजून दिलेली असावी. कायद्याप्रमाणें संमतीची मागणी सोप्या शब्दांत हवी, आणि ती मराठींत वाचण्याची सोय हवी.

(ई) ती विनाअट असावी. कर्जास अवश्य नसलेली माहिती दिली तरच कर्ज, असें म्हणतां येणार नाहीं.

(उ) ती स्पष्ट कृतीनें दिलेली असावी. मौन म्हणजे संमति, हें येथें चालत नाहीं.

याशिवाय, संमति जितकी सहज दिली तितकीच सहज ती परत घेतां आली पाहिजे.

४. संस्थेनें काय करावें

पहिलें, कर्जाचा करार व प्रसिद्धीची संमति यांचे कागद वेगळे ठेवावे. बारीक टाइपांतल्या विसाव्या कलमांत संमति दडवूं नये. दुसरें, प्रसिद्धीविषयीं विचारणें तें रक्कम हातीं पडल्यावर विचारावें, म्हणजे नकाराचें भय उरत नाहीं. तिसरें, कागद मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि कर्जदारास त्याचा अर्थ त्याच्या शब्दांत सांगावयास लावावें. 'समजलें का?' या प्रश्नास सारेच 'होय' म्हणतात. तो प्रश्न पुरेसा नाहीं. चौथें, स्त्रीची संमति स्त्रीपासूनच घ्यावी. नवऱ्याची अगर मुलाची सही तिच्याऐवजीं चालवूं नये. पांचवें, नक्कल कर्जदाराजवळ द्यावी.

थकबाकीदारांचीं नांवें चावडीवर लावण्याची चाल सोडावी. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठीं कर्जदाराचें नांव जाहीर करणें हें रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत जाचाच्या प्रकारांत घातलें आहे. गटानें एकमेकींची हमी घेतली असल्यास थकबाकी गटास कळली पाहिजे. पण ती गटापुरतीच राहावी.

संमतिपत्राचा नमुना पुढीलप्रमाणें ठेवावा:

'मी ........, राहणार ........, लिहून देतें कीं, माझें छायाचित्र व माझ्या धंद्याची हकीकत सन ........ च्या अहवालांत छापण्याविषयीं संस्थेनें मला विचारलें. हा कागद मला मराठींत वाचून दाखविला व मीं त्याचा अर्थ सांगितला. कर्जाची रक्कम मला पूर्वींच मिळाली आहे. नकार दिल्यास या अगर पुढील कर्जास बाध येणार नाहीं, असें मला सांगितलें आहे. माझें नांव छापावें / छापूं नये. गांवाचें नांव छापावें / छापूं नये. ही संमति मला केव्हांही परत घेतां येईल. मात्र वांटलेल्या प्रती परत येणार नाहींत, हें मला माहीत आहे. नक्कल मिळाली.'

५. एक आक्षेप

कोणी म्हणतील, 'गरजवंतास अक्कल नसते. तो कशावरही सही करतो. मग एवढा खटाटोप कशाला?' पण याच म्हणींत उत्तर आहे. घेणाऱ्याची नड मोठी असते, म्हणूनच शुद्धीवर राहण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. खटाटोप म्हणावा तर दर कर्जदारामागें पंधरा मिनिटांचा आहे. आपण स्वतः बँकेच्या दारांत उभे राहिलों म्हणजे आपला सात-बारा, आपलें देणें व आपली अडचण कोणास सांगितली जावी याविषयीं जेवढी काळजी वाहतों, तेवढीच काळजी आपल्या दारांत आलेल्या माणसाविषयीं वाहणें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. कोणती माहिती संमतीवांचून पाठवावी लागते, व त्या वेळीं कर्जदाराचे हक्क कोणते?
२. प्रसिद्धीची संमति कर्ज दिल्यानंतर कां विचारावी?
३. आपल्या सोसायटीचा अगर गटाचा अर्ज काढून वाचा. त्यांतील कोणते प्रश्न कर्जास अवश्य नाहींत तें लिहा, आणि ती यादी पुढील सभेपुढें ठेवा.