एसी लोकल मागे घेतल्या, म्हणजे रेल्वे हरली का?

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात कामाची नवी पद्धत आणायचं चाललंय. मालक म्हणतात, एकदा तडजोड केली की एसी लोकलसारखी माघारच घ्यावी लागते. हे खरं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मालकांनी उदाहरण झकास निवडलं, फक्त गोष्ट अर्ध्यावर सोडली.

फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि मध्य रेल्वेवर 36 लोकल फेऱ्या वाढल्या. त्यांतल्या 34 एसी होत्या. तरी कोणी रुळांवर उतरलं नाही, कारण कोणाचीही नेहमीची गाडी गेली नव्हती. ऑगस्टमध्ये आणखी 10 एसी फेऱ्या आल्या. एकूण फेऱ्या मात्र 1810 च राहिल्या. म्हणजे 10 साध्या लोकल गेल्या. कळवेकरांची कारशेडमधून निघणारी गाडी पकडायची जुनी रीत. तीच गाडी आता दारं लावून समोरून जाऊ लागली. कळव्यात लोकल अडवली गेली, बदलापूरला प्रवाशांनी स्टेशन मास्तरांना घेरलं आणि 25 ऑगस्टपासून त्या 10 फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या.

‘लोकांना एसी नकोच होती’ हा गैरसमज. 5 मेपासून एसीचं किमान तिकीट 65 रुपयांवरून 30 वर आल्यावर गर्दी वाढलीच होती. पण सवलत सुट्या तिकिटाला होती, पासाला नाही. आणि डोंबिवली-कल्याणचा नोकरदार पासावर जगतो! भाड्यात तडजोड झाली होती, पण ज्याची गाडी जाणार होती त्याच्या पदरात काही पडलं नाही. मला तरी रेल्वेची खरी चूक इथेच दिसते.

आता माघारीचं. मागे गेल्या 10. आधीच्या सगळ्या 56 एसी फेऱ्या धावतच राहिल्या. पुढे आकडा 66 वर गेला आणि एप्रिल 2025 मध्ये 14 ची भर पडून 80 झाला. कुरकुर आजही आहे, पण याला हार कशी म्हणायची? हट्ट धरला असता तर सगळ्याच एसी गाड्यांवर राग निघाला असता. मालकांना एवढंच विचारा : नव्या पद्धतीत कोणाची नेहमीची ‘8.20 ची लोकल’ जाणार आहे, आणि त्याला बदल्यात काय मिळणार?

तडजोड म्हणजे दर वेळी निम्मं-निम्मं, असंही नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले. एसी लोकलमधून कोणी पडत नाही ते आपोआप बंद होणाऱ्या दारांमुळे. थंड हवेचा त्यात काही वाटा नाही. मग नेमकी गरज दारांची आहे हे ओळखून साध्या लोकललाच अशी दारं लावायचं रेल्वेने जाहीर केलं. हवा खेळावी म्हणून दारांना झडपा आणि छतावर वायुवीजनाची यंत्रणा, असा तो आराखडा आहे.