एनजीओ आणि ना-नफा संस्था: काउंटरवरच्या क्यूआर कोडपासून समजून घेऊ

व्हिडिओत हा मुद्दा घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. "सर, एनजीओ काढतो आणि धंदाही त्यातूनच करतो," असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच.

एनजीओ म्हणजे अशासकीय संस्था. संस्था सरकारच्या ताब्यात नाही, एवढंच हा शब्द सांगतो. 1945 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत तो आला आणि तिथून जगभर रुळला. 'ना-नफा' हा शब्द मात्र पैशाबद्दल बोलतो. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर ती मालकांत वाटायची नाही, संस्थेच्या कामातच घालायची. म्हणजे नफा होऊच नये असं नाही हं! इथेच बरेच जण फसतात.

आता तुमच्या काउंटरवरचा यूपीआयचा क्यूआर बघा. यूपीआय चालवणारी एनपीसीआय 2008 मध्ये ना-नफा कंपनी म्हणूनच नोंदली गेली. मालकी बँकांची. तिला एनजीओ कुणी म्हणतं का? नाही. बचत गटातल्या ताईंना माविम माहीत असेलच. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासूनचं, तेही ना-नफा, पण राज्य सरकारचं. मग अशासकीय कसं म्हणणार? उलट बाजूने आपल्या गल्लीतली पतसंस्था घ्या. ती सरकारी नाही, पण सभासदांना लाभांश देते, म्हणून ना-नफाही नाही. नावात 'संस्था' असली म्हणून सगळं एक होत नाही.

कायद्यात 'एनजीओ' नावाची वेगळी नोंदणीच नाही. आपल्याकडे तीन वाटा: 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली ट्रस्ट, 1860 च्या कायद्याखाली सोसायटी (किमान सात माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात तिलाही धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते), किंवा 2013 च्या कंपनी कायद्यातली कलम 8 ची कंपनी. आयकराची सवलत यातल्या कशातही आपोआप मिळत नाही. त्यासाठीचा अर्ज वेगळा.

समजा, तुम्ही पाच जणी मिळून शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा धंदा सुरू करताय. प्रत्येकीने पन्नास हजार घातले. एजंट म्हणाला, "कलम 8 घ्या, अनुदान मिळतंय." घेतलं. दोन वर्षांनी धंदा चालला, खात्यात चार लाख उरले. ते वाटून घेता येणार नाहीत. काम करणारीला वाजवी पगार मिळेल, पण भागभांडवलावर लाभांश नाही. कंपनी बंद केली तरी देणी भागवून उरलेली मालमत्ता तशाच दुसऱ्या कंपनीकडे जाते, घरी येत नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे तुम्ही अशा ठिकाणी घालाल का? माझं मत विचाराल तर चटणीसाठी भागीदारी फर्म किंवा एलएलपी बरी.

मुलांची अभ्यासिका किंवा विडी कामगार महिलांसाठी मोफत प्रशिक्षण चालवायचं असेल, देणगी घ्यायची असेल, तर ट्रस्ट किंवा कलम 8 योग्य. दोन्ही करायचंय? खुशाल करा, पण खाती, बिलं आणि बँक वेगवेगळी ठेवा. दुकानाचं भाडं ट्रस्टच्या खात्यातून गेलं की ऑडिटमध्ये पहिला प्रश्न तोच येतो.

एजंटला पैसे देण्याआधी त्याला एकच विचारा: "शिल्लक रक्कम कुणाला मिळणार, ते घटनेत कुठल्या कलमात लिहिलंय?" तो पान उघडून दाखवत नसेल तर सीएकडे जा.