सुखाची बातमी घरात कोंडू नकोस

बाय, बाळाचा बाप्तिस्मा ठरला म्हणालीस, ऐकून बरं वाटलं. पण लगेच पुढे म्हणालीस, ‘ताई, इथे आपलं आहे कोण? आम्ही दोघं, दीर-जाऊ, गॉडफादर-गॉडमदर. पाच-सहा जणांत उरकून टाकू.’ ते तुझं बोलणं मनाला लागून राहिलं. म्हणून निवांत बसून सांगते. मोठी बहीण सांगतेय असं समज, आणि पटेल तेवढं घे.

तुझं म्हणणं मला कळतं. तू नगरकडची. तिकडे एका घरी पाळणा हलला की अख्ख्या वस्तीला कळतं, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला निघायचं तर चार घरं मिळून गाडी ठरवतात. तिथून उठून तू मीरा रोडला आलीस. इथे दारं बंद, शेजारची पाटी इंग्रजीत, आणि रविवारी चर्चमध्ये निम्मी माणसं कोंकणीत बोलणारी. परकं वाटणारच. पण एक लक्षात घे, स्टेशनच्या पूर्वेला जिथे आज आपण राहतो तिथे एके काळी मिठागरं आणि शेती होती. इमारती उठल्या त्या गेल्या चाळीसेक वर्षांत. म्हणजे इथलं प्रत्येक कुटुंब कधी ना कधी तुझ्यासारखंच सामान घेऊन आलेलं आहे. कुणी वांद्र्याहून, कुणी माहीमहून, कुणी गोव्याहून, मंगळूरहून, केरळहून. तुला जे वाटतं ते त्या सगळ्यांना एकदा वाटून गेलेलं आहे.

माझं माहेर डोंगरीचं. भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवरची डोंगरी. उत्तन, पाली, डोंगरी, गोराई, भाईंदर, काशीमिरा ही या भागातली जुनी ख्रिस्ती गावं. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यानंतर या पट्ट्यात धर्म रुजला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, राज्य बदललं, पण आमची चर्चं आणि आमचे सण टिकले. का टिकले, तर माणसं एकमेकांच्या दारात जात राहिली म्हणून, असं मला मनापासून वाटतं. गावात लग्न असलं की आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला बायका वाजत-गाजत विहिरीवर जातात. नवऱ्या मुलाच्या, मुलीच्या आंघोळीचं ते पाणी. घरात फुग्यांचं पीठ भिजवलेलं असतं, आणि फुगे तळायला कुणाला बोलवावं लागत नाही. ज्या बाईचा हात चांगला ती आपणहून कढईपाशी बसते. वरपक्ष, वधूपक्ष, पाहुणे हे सगळं नंतर. आधी ते गावाचं लग्न असतं.

इमारतीत ते आपोआप होत नाही. म्हणून इथे सांगावं लागतं. आपल्याकडे पुष्कळ बायकांना वाटतं, सांगणं म्हणजे मिरवणं. तसं नसतं गं. तू बातमी सांगतेस तेव्हा समोरच्याला तुझ्या आयुष्यात यायची वाट मोकळी करून देतेस. न सांगता राहिलीस तर उद्या गरजेच्या वेळी त्यांना तुझं दार ठोठावायचा धीर होत नाही.

आता कामाचं सांगते. चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्म्याचं एक मोठं रजिस्टर असतं. बाळाचं नाव, जन्मतारीख, आई-वडील, गॉडपेरेंट्स, संस्कार देणाऱ्या फादरांचं नाव अशी एकेक ओळ. कडेला शेऱ्यासाठी जागा सोडलेली असते. आज ती कोरी राहील. पुढे तुझ्या बाळाचं दृढीकरण झालं की त्याची नोंद तिथे येईल. लग्न झालं, मग ते पुण्यात होवो की दुबईत, तिथल्या चर्चने इथे कळवायचं असतं आणि त्याच ओळीसमोर लिहिलं जातं. कुणी फादर झालं, सिस्टर झाली, तेही तिथेच. 1983च्या कॅनन लॉमध्ये हा नियमच आहे. म्हणून तर लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतात, जुना घरचा चालत नाही. एका माणसाचं आयुष्य एका ओळीत जमा होत जातं, आणि ती ओळ आपल्या घरातल्या कपाटात नसते, मंडळींच्या ताब्यात असते. हे रजिस्टर मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा मला बाप्तिस्म्याचा अर्थ नीट उमगला. बाळ आपल्या पोटचं खरं, पण त्या दिवशी आपण ते सगळ्यांच्या हवाली करतो.

एक व्यवहाराची गोष्ट. महापालिकेत जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती तुम्ही केली असेलच. नाव तेव्हा घातलं नसेल तर बारा महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं. बाप्तिस्म्याचा दाखला हा जन्मदाखल्याच्या जागी चालेल असं समजू नकोस. आणि दोन्ही कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच ठेव. एका अक्षराचा फरक पुढे शाळेत आणि पासपोर्टला किती फेऱ्या मारायला लावतो, ते इथल्या कुठल्याही आईला विचार.

गॉडपेरेंट्स निवडताना नात्यातली मर्जी राखायला जाऊ नकोस. नियम साधा आहे. वय किमान 16, दृढीकरण झालेलं, श्रद्धेने वागणारा कॅथलिक, आणि बाळाचे आई-वडील सोडून कुणीही. एक असला तरी चालतो, दोघं असले तर एक पुरुष, एक बाई. पाकीट देऊन जाणारा श्रीमंत मामा नको. पास्काच्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवून दिली जाते, त्याचा अर्थ ज्याला कळतो असं माणूस बघ. बाळ दहावीत नापास झालं, घरात भांडण झालं, तर ज्याच्याकडे ते पळत जाईल असं माणूस.

मग समूहाचं. मुंबई महाधर्मप्रांतात 1980च्या दशकापासून लहान ख्रिस्ती समूह उभे राहिले. बिशप बॉस्को पेन्हांनी त्यासाठी फार कष्ट घेतले. मोठ्या चर्चमध्ये हजारोंच्या गर्दीत माणूस हरवतो, म्हणून दोन-चार इमारतींचा एक समूह. आळीपाळीने कुणाच्या तरी घरी जमायचं, बायबलमधला उतारा वाचायचा, त्यावर दोन शब्द बोलायचे, प्रार्थना मागायच्या. तुझ्या इमारतीचा समूह आहे. तो चालवणाऱ्या अ‍ॅनिमेटरबाई तळमजल्यावर राहतात. त्यांना बाप्तिस्म्याचा दिवस सांग. त्या खोदून विचारणार नाहीत, पण चार बायका घेऊन नक्की येतील. इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नकोस. आमच्या समूहात एक गोव्याची आजी कोंकणीत माळ सांगते, मंगळूरची एक सून इंग्रजीत, मी मराठीत. ‘नमो मरिये’ कुठल्याही भाषेत सुरू झालं की बाकीच्यांना पुढचं उत्तर आपसूक येतं.

खर्चाचं मात्र आवर. इथे बघशील, पहिल्या कम्युनियनला हॉल, केक, फोटोवाला, मुलीला नववधूसारखा झगा. एकाने केलं की दुसऱ्याला करावंसं वाटतं, आणि मग कर्ज. मुलं दोन-दोन वर्षं रविवारी धर्मशिक्षणाला जातात ती त्या एका दिवसासाठी नव्हे. बाप्तिस्म्याला चहा, केक आणि नगरकडची तुझ्या हातची पुरणपोळी, एवढं पुरे. पैसे उरले तर सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पेटीत टाक. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानामने मित्रांना घेऊन सुरू केलेली ही संस्था आपल्या चर्चांतून आजही काम करते. कुणाची फी, कुणाचं रेशन, कुणाचं औषध, आणि कुणाचं ते बाहेर कळू देत नाहीत. आपल्या सुखाच्या दिवशी दुसऱ्याची चूल पेटली, याहून मोठी पार्टी मला माहीत नाही.

आता मन लावून ऐक, कारण हे कुणी सांगत नाही. सुखाच्या बातम्या वाटताना समोरचीच्या ओंजळीत काय आहे ते बघावं लागतं. समूहात तुझ्याच वयाची एक आहे. तिचं बाळ पोटातच गेलं. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका बाळाच्या बाप्तिस्म्याचं आमंत्रण तिला ग्रुपवर, फोटोसकट गेलं. पाठवणारीच्या मनात काही नव्हतं. पण ती बाई तीन रविवार चर्चला आली नाही. मग आमच्यातली एक तिच्या घरी गेली. काही उपदेश केला नाही, ‘देवाची इच्छा’ वगैरे तर अजिबात नाही. तिच्याबरोबर बसून भाजी निवडली आणि निघताना विचारलं, ‘बाळाचं नाव काय ठेवणार होतीस?’ तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. पुढे तिने फादरांना सांगून त्या बाळासाठी मिस्सा ठेवला. अशा दुःखालाही चर्चमध्ये जागा आहे. आई-वडिलांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती आणि बाळ त्याआधीच गेलं, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा अंत्यविधीही करता येतो. कितीतरी आयांना हे माहीत नसतं, आणि त्या मनात अपराध घेऊन जगतात.

म्हणून तुला सांगते, तिला ग्रुपवरून बोलावू नकोस. तू स्वतः जा, एकटी जा, बाळाला घरी ठेवून. बाप्तिस्मा आहे असं सांग, आणि ‘यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तरी मला कळेल’ असंही सांग. लग्न न झालेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, मूल नसलेल्या बायकांना आपण सुखाच्या दिवशी एकतर विसरतो, नाहीतर ‘तुझं कधी?’ म्हणून टोचतो. दोन्ही पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणते. प्रत्येक आयुष्यात साजरे करावेत असे टप्पे असतात. कुणी वीस वर्षं आजारी आईची सेवा केली, कुणाची दारू सुटून वर्ष झालं, कुणी एकटीने कर्ज फेडून घर सोडवलं. त्यांच्यासाठीही मिस्सा ठेवता येतो, त्यांच्याही घरी केक घेऊन जाता येतं. जात जा.

आजारपणाचंही सांगून ठेवते. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार म्हणजे शेवटची घटका, असं समजून माणसं फादरांना बोलवायला घाबरतात. मोठ्या ऑपरेशनच्या आधी, गंभीर दुखण्यात, म्हातारपण थकवायला लागलं की तो घेता येतो, आणि परत परत घेता येतो. शुद्ध असताना तो संस्कार झाला की माणसाला केवढा धीर येतो!

आणि मरण. गावात घंटा वाजली की बायका हातातलं काम टाकून येतात. इथे घंटेचा आवाज सातव्या मजल्यावर पोचत नाही. पण समूह जागा असेल तर माणसं पोचतात. आमच्या इमारतीत एक गोंयकार काका रात्री गेले. मुलगा परदेशात, घरी काकी एकटी. पहाटेपर्यंत एकीने काळ्या चहाचा थर्मास आणून ठेवला होता, एकजण डॉक्टरांच्या दाखल्यामागे गेला होता, एकाने चर्चला फोन करून मिस्साची वेळ ठरवली होती, आणि दोघी नुसत्या काकींच्या दोन्ही बाजूंना बसून होत्या. काकींनी यांतल्या एकालाही बोलावलं नव्हतं. मात्र त्या काकींनी वर्षानुवर्षं इमारतीतल्या प्रत्येक बाळाच्या बाप्तिस्म्याला लोकरीची टोपी विणून दिली होती. हा हिशेब कुणी वहीत लिहिलेला नसतो, तरी तो चुकत नाही.

पहिल्या दिवसांत गर्दी असते. नंतर सातव्या दिवसाचा मिस्सा, महिन्याचा मिस्सा होतो आणि मग लोक आपापल्या कामाला लागतात. खरी गरज तिथून पुढे सुरू होते. वर्षश्राद्धाचा मिस्सा, 2 नोव्हेंबरला सर्व मृतांच्या दिवशी कबरीवर फुलं न्यायला सोबत, पहिला एकटीचा नाताळ. या तारखा लक्षात ठेवणारी बाई समूहात एक जरी असली तरी खूप होतं. ती तू हो. तुझी आठवण चांगली आहे.

तर आता असं कर. येत्या रविवारी मिस्सानंतर ऑफिसात जाऊन नावं नीट लिहून दे. तळमजल्यावर अ‍ॅनिमेटरबाईंना भेट. तुझ्या मजल्यावरच्या चारही दारांवर स्वतः जा, त्यात हिंदू, मुसलमान, जैन जे असतील त्यांनाही बोलाव. ते गॉडपेरेंट्स होऊ शकत नाहीत, पण बाळाला आशीर्वाद द्यायला कुणाची आडकाठी नाही. आणि पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सातला काकींच्या घरी त्यांच्या नवऱ्याच्या वर्षाची माळ आहे. बाळाला घेऊन तू यायचंस. दार उघडंच असतं, बेल वाजवायची नाही.