दोन रोपांचं शेततळं

नववीच्या वर्गाला दुपटीने होणारी वाढ शिकवताना मी बरीच वर्षं बुद्धिबळाच्या पटावरचे तांदूळ वापरले. एक, दोन, चार, आठ. फळा अपुरा पडतो, मुलं हसतात, तास संपतो. मग एका वर्षी वाटलं, काहीतरी जिवंत दाखवावं. नदीतून जलपर्णीची चार रोपं आणून शाळेच्या टाकीत सोडली. आमच्याकडे तिला केंदाळ म्हणतात. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली. फिकट जांभळ्या फुलांच्या मोहापायी माणसांनीच तिला जगभर नेलं. तोच मोह एका विद्यार्थ्याला झाला. जुलै संपता संपता तो म्हणाला, "सर, दोन नेऊ का घरी?" मी म्हटलं, ने की.

त्याच्या वडिलांचं शेततळं साधारण तीस मीटर लांब, तेवढंच रुंद. खताचं पाणी झिरपून त्यातच उतरायचं. दिवाळीत गेलो तेव्हा एका कोपऱ्यात दोन-तीन खाटांएवढी हिरवळ होती. छान दिसतंय, असंही मी बोलून गेलो! संक्रांतीला अर्धं तळं झाकलं होतं. अजून अर्धं मोकळं आहे, सवडीने काढू, असं घरच्यांना वाटलं. जानेवारी सरायच्या आत पाणी दिसेनासं झालं आणि मोटरीच्या जाळीत मुळं अडकू लागली. वडील शाळेत आले. "सर, तुमची फुलं बघायला या एकदा," एवढंच म्हणाले. माणसं लावून चार दिवस ओढून काढलं, तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रोपं दिसली. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकून राहतं.

घरी येऊन हिशेब मांडला. ऊब आणि खत मिळालं की केंदाळ दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं. दोनाची तेरा वेळा दुप्पट केली की १६,३८४. चौसष्ट घरांचा पट लागलाच नाही. दरवर्षी हेच शिकवणाऱ्या मला दिवाळीतला तो कोपरा बघून काहीच सुचलं नव्हतं.

म्हणून शिक्षकमित्रांनो, केंदाळ वर्गात आणू नका. जवळच्या डबक्यातलं डकवीड घ्या. मुलं त्याला टिकल्या म्हणतात. मानवलं तर दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. टबात शिळं पाणी, चिमूटभर शेणखत आणि मोजून दहा टिकल्या. फुटू लागलेली इवली पाकळी धरायची की नाही, हे आधीच ठरवा, नाहीतर मोजणीवरून भांडणं ठरलेली. टब अर्धा कधी भरेल याचा अंदाज पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून लिहून घ्या. प्रयोग संपला की सगळं गाळून कडक उन्हात वाळवा आणि गाळलेलं पाणी कोरड्या मातीत ओता. ओढ्यात किंवा गटारात नको.

आणखी एक कबुली. पुढे टिकल्यांची वाढ मंदावते, आलेख वाकतो. पूर्वी मी मुलांचे आकडे 'दुरुस्त' करून घ्यायचो, दुप्पट यायलाच हवं म्हणून. गेल्या वर्षी एका मुलीने वही पुढे केली. "सर, माझं कुठे चुकलं?" मी तिला टबाकडे नेलं. टिकल्या एकमेकींवर चढल्या होत्या, खालच्या पिवळ्या पडत होत्या. तिने मोजायला सुरुवात केली, या वेळी पिवळ्या वेगळ्या.