जुन्या अवजारांची मोबाइलवरून विक्री : अवघड गिऱ्हाइकाशी व्यवहार कसा करावा?

न लागणारे जुने अवजार पूर्वी गावात किंवा आठवडी बाजारात ओळखीने विकले जाई. आता मोबाइलवर फोटो टाकला की शंभर किलोमीटरवरून फोन येतो. बाजार मोठा झाला, मात्र गिऱ्हाइकाची ओळख राहिली नाही. त्यामुळे वाद आणि फसवणूक या दोन्हींपासून शेतकरी बंधूंनी सावध राहणे जरूरीचे आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचा सहा फुटी रोटाव्हेटर विकायला काढला. पाती किती झिजली आहेत, हे जाहिरातीत लिहिले नव्हते. गिऱ्हाईक पिकअप घेऊन आले, त्यांनी पाती पाहिली आणि ठरलेल्या किमतीतून आठ हजार कमी करा म्हणाले. वडिलांचा आवाज चढला, त्यांचाही चढला. शेवटी गाडी रिकामी परत गेली. नंतर विचार करता लक्षात आले की, गिऱ्हाईक अवघड नव्हते, आमची माहितीच अपुरी होती.

जाहिरात देताना

अवजाराची कंपनी, खरेदीचे वर्ष, केलेली दुरुस्ती आणि असलेला दोष स्पष्ट लिहावा. रोटाव्हेटर असल्यास पात्यांची झीज व गिअरबॉक्सची तेलगळती, विद्युत पंप असल्यास वाइंडिंग पुन्हा भरले आहे काय, ट्रॅक्टर असल्यास तासमापकावरील तास व टायरची स्थिती सांगावी. दोषाचा फोटो जवळून काढावा. अनुदानावर घेतलेले अवजार ठराविक काळ विकू नये अशी अट मंजुरीपत्रात आहे काय, हे आधी पाहावे.

घासाघीस करणारे गिऱ्हाईक

कमीत कमी किती घ्यायचे, तो आकडा घरातल्यांशी बोलून आधीच ठरवावा. वस्तू न पाहता ‘शेवटची किंमत सांगा’ म्हणणाऱ्यास ‘पाहायला या, समोर बोलू’ एवढेच सांगावे. माल गाडीत चढवल्यावर किंमत पाडणारेही भेटतात. म्हणून पाहणी आणि चाचणी आधी, पैसे त्यानंतर आणि भराई शेवटी, हा क्रम मोडू नये. चाचणी आपल्या रानात, आपल्यासमोर द्यावी. ‘दोन दिवस चालवून बघतो’ म्हणून अवजार नेऊ देऊ नये. विसार घेतल्यास रक्कम, माल नेण्याची तारीख आणि न नेल्यास विसाराचे काय होईल, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

पैसे घेताना

१) पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. ‘हा कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ असे सांगणारा ठकच समजावा.

२) आपण लष्करात आहोत असे सांगून, वस्तू न पाहता पूर्ण किंमत देऊ करणाऱ्यापासून दूर राहावे.

३) ‘चुकून जास्त रक्कम गेली, परत पाठवा’ असे कोणी म्हटल्यास संदेशावर विसंबू नये. खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी आणि बँकेस विचारावे.

४) आधार कार्डाचा किंवा पासबुकाचा फोटो अनोळखी माणसास पाठवू नये.

फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेसही सांगावे.

ट्रॅक्टर विकताना विशेष काळजी

‘नाव नंतर लावून घेतो’ म्हणणारे गिऱ्हाईक सर्वांत धोक्याचे. नोंदणी पुस्तकावर आपले नाव राहिले आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून नमुना २९ व ३० वर सह्या त्याच दिवशी कराव्यात. राज्यातल्या राज्यात विक्री असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे. कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ देऊन बोजा आधी उतरवावा.

विक्रीनंतरची तक्रार

विक्रीच्या वेळीच दोन प्रतींत पावती करावी. तीत अवजाराचा क्रमांक, सांगितलेले दोष, किंमत आणि ‘चालवून, पाहून घेतले’ हे वाक्य असावे. पुढे तक्रार आल्यास शांतपणे पावती पाहावी. दोष आपण लपवलेला असेल तर वाद न वाढवता तडजोड करावी. तसे नसेल तर नम्रपणे पण ठाम नकार द्यावा.

आमच्या रोटाव्हेटरची जाहिरात दुसऱ्यांदा दिली, तेव्हा पात्यांचा फोटो सर्वांत वर ठेवला. फोन कमी आले. पण जे गिऱ्हाईक आले ते फोनवर ठरलेल्या किमतीवरच घेऊन गेले, आणि जाताना वडिलांबरोबर चहाही घेतला. दोष आधी सांगणे आणि पैसे व कागद पुरे झाल्याशिवाय माल न सोडणे, या दोन गोष्टी पाळल्यास बहुतेक अवघड गिऱ्हाइके सोपी होतात.