वनस्पतिजन्य म्हणजे हितकर?

प्रश्न : वडिलांचे कोलेस्टेरॉल वाढले आहे. त्यांच्यासाठी दुधाऐवजी नारळाच्या दुधाचे आइस्क्रीम घरी केले तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : वनस्पतिजन्य स्निग्धांश आपोआप हितकर ठरत नाही. दुधाच्या स्निग्धांशात कोलेस्टेरॉल वाढवणारी संपृक्त चरबी साधारण ६५ टक्के असते. खोबरेलात, म्हणजे नारळाच्या स्निग्धांशात, ती ९० टक्क्यांच्या आसपास जाते. बाजारातल्या अनेक फ्रोझन डेझर्टमध्ये पाम किंवा खोबरेल तेल असते, कारण ते थंडीत घट्ट होते आणि फेटताना शिरलेली हवा धरून ठेवते.

म्हणून नारळाच्या दुधाऐवजी तुम्ही काजू वापरा. त्यातली चरबी मुख्यतः असंपृक्त असते. वाटीभर काजू चार तास भिजवून गंधासारखे मऊ वाटा, दोन वाट्या आमरसात मिसळा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. कडा गोठू लागल्या की काढून पुन्हा फेटा. असे दोनदा केले की बर्फाची कचकच राहत नाही. आमरस गोड असतो, वरून साखर नको.

उष्मांक काजूतही भरपूर, म्हणून वडिलांना लहान वाटीच द्या. विकत आणायची वेळ आलीच, तर डब्यावरचा संपृक्त चरबीचा आकडा आधी वाचा.