तंबाखूला चुना कशासाठी?

ताडकळसच्या पारावर बसलेली मंडळी तळहातावर तंबाखू घेतात, तिला नखभर चुना लावतात, अंगठ्याने मळतात आणि ती चिमूट ओठाखाली ठेवतात. हे तुम्ही रोज पाहता. पण चुना कशासाठी, असा प्रश्न कधी पडला का?

तंबाखूतील निकोटीन बहुतांशी आम्लांशी संयोग पावलेले असते. या रूपात ते तोंडाच्या अस्तरातून सहजासहजी आत शिरत नाही. चुना अल्कधर्मी असल्याने निकोटीन सुटे होते, अस्तरातून झिरपून रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर मेंदूत पोचते. शाळेची पायरी न चढलेले आजोबाही रसायनशास्त्राचा हा प्रयोग बिनचूक करतात!

पुढे काय होते? मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. पेशीतून संदेश विजेच्या रूपाने धावतो. परंतु दोन पेशींच्या मध्ये सुमारे २० नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. तेथे पहिली पेशी एक रासायनिक निरोप्या सोडते. कुलपात किल्ली बसावी तसा तो पलीकडच्या पेशीवरील ‘ग्राही’ रेणूवर बसतो. निरोप पोचला की तो मोडला तरी जातो, नाहीतर परत ओढून घेतला जातो.

मादक पदार्थ याच फटीत ढवळाढवळ करतात. प्रत्येकाची तऱ्हा मात्र निराळी. निकोटीन ही ॲसिटिलकोलीन या निरोप्याची बनावट किल्ली होय. अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये मेंदू स्वतःच तयार करतो, हे १९७५ साली ॲबर्डीन येथे ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी दाखवून दिले. अफू व हेरॉईन त्यांचीच जागा बळकावतात. कोकेन डोपामिन परत नेणारी वाट बुजवते. दारू चेतापेशींना थोपवणाऱ्या निरोप्याचे बळ वाढवते व चेतवणाऱ्याचे घटवते. म्हणून जीभ अडखळते, तोल जातो.

वाटा निराळ्या, मुक्काम एकच. शेवटी मेंदूच्या एका ठरावीक भागात डोपामिन वाढते. भुकेल्याला भाकरी मिळाली की ‘हे पुन्हा कर’ अशी नोंद होते, ती याच डोपामिनमुळे. मादक पदार्थ भाकरी न देताच ही नोंद करवून घेतात.

हे रोज घडू लागले की मेंदू जुळवून घेतो. काही ग्राही बोथट होतात, काहींची संख्या बदलते. मग जुनी मात्रा पुरत नाही आणि चिमूट चुकली की चिडचिड सुरू होते. उत्तरपत्रिका तपासताना तंबाखूने डोके चालते, अशी एके काळी माझीही समजूत होती. खरे तर आधीच्या चिमटीने मागे ठेवलेली बेचैनीच मी पुढच्या चिमटीने शमवीत होतो!

तुमचा मेंदू अजून घडतो आहे. पंचविशीपर्यंत तो घडतच राहतो. या वयात लागलेली सवय फार खोल रुजते. म्हणूनच २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास बंदी आहे.

घरात कोणी तंबाखू खात असेल, तर त्यांना हिणवू नका. हा लेख वाचून दाखवा. सोडायची इच्छा असल्यास १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्रातून अनेकजण व्यसनमुक्त होऊन घरी परतले आहेत. बदललेला मेंदू पुन्हा सावरू शकतो. त्याला वेळ आणि माणसांची साथ लागते.